वाहनात टू-वे रेडिओ बसवताना: परवान्याचा प्रकार, कागदपत्रे आणि सुरक्षित जोडणी

धडगाव, अक्कलकुवा किंवा तोरणमाळच्या बाजूला सातपुड्यात शिरल्यावर मोबाइलची रेंज जाते. त्यामुळे रुग्णवाहिका, ऊसवाहतुकीची वाहने किंवा बांधकामाची यंत्रसामग्री चालवणाऱ्या संस्थांना वाहनात वायरलेस सेट असावा असे वाटणे स्वाभाविक आहे. रावेर, यावल, सावदा भागातील केळी वाहतूकदारांनाही ताफ्यातील गाड्या एकमेकींशी बोलत्या असाव्यात असे वाटते. मात्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत या कामाचा क्रम बहुधा उलटा होतो. आधी ऑनलाइन सेट मागवला जातो, मग इलेक्ट्रिशियनकडून तो गाडीत बसवला जातो आणि परवान्याचा प्रश्न नाकाबंदीत पोलिसांनी विचारल्यावर उभा राहतो. योग्य क्रम असा आहे: वापराचा प्रकार ठरवणे, त्यानुसार परवाना किंवा सूट तपासणे, मग त्या परवान्यात बसणारा सेट घेणे आणि शेवटी जोडणी करणे.

रेडिओ लहरींवरील नियंत्रण केंद्र सरकारकडे आहे. दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग, म्हणजे डब्ल्यूपीसी, हे काम पाहते. त्यामुळे तहसील कार्यालय, पोलीस ठाणे किंवा आरटीओ यांपैकी कोणीही वायरलेस परवाना देत नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या 'सरल संचार' या पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय वायरलेस टेलिग्राफी अधिनियम, १९३३ हे या विषयाचे जुने कायदे आहेत. त्यांपैकी १९३३ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सेट नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ करण्यात आला असून त्याच्या तरतुदी जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. म्हणून अर्ज भरताना कोणाकडून मिळालेला जुना नमुना वापरू नये. पोर्टलवर त्या दिवशी दिसणारा नमुना आणि शुल्कच ग्राह्य धरावे.

आपण कोणत्या वर्गात बसता

पहिला वर्ग परवान्यातून सूट मिळालेल्या सेटचा आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या सिटिझन बँडमध्ये ५ वॅटपर्यंतच्या प्रक्षेपित शक्तीचा (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीचा) सेट २००५ पासून परवान्याविना वापरता येतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या वॉकीटॉकींनाही अशी सूट आहे. दोन्ही ठिकाणी सेटला इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता (ईटीए), असणे आवश्यक आहे. ही सूट इतरांना व्यत्यय न आणण्याच्या अटीवर मिळते आणि इतरांकडून व्यत्यय आल्यास संरक्षण मागता येत नाही. येथे वाहनधारकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मर्यादा प्रक्षेपित शक्तीवर असते, सेटच्या खोक्यावर छापलेल्या वॅटवर नव्हे. हातातल्या सेटला टपावरचा जास्त गेनचा (लहरी ठरावीक दिशेला एकवटणारा) अँटेना जोडला की तीच वॅटेज अधिक दूर फेकली जाते आणि सूट कायद्याने संपू शकते. विक्रेता 'लायसन्सची गरज नाही' असे सांगतो तेव्हा तो कोणत्या फ्रिक्वेन्सीबद्दल आणि कोणत्या अँटेनाबद्दल बोलतो आहे, हे विचारावे. ऑनलाइन बाजारात फ्रिक्वेन्सी आणि ईटीए यांची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्या जात असल्यामुळेच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये या विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

दुसरा वर्ग हौशी रेडिओ, म्हणजे हॅम, यांचा आहे. १९७८ च्या हौशी सेवेच्या नियमांखाली वयाची १२ वर्षे पूर्ण झालेली कोणतीही भारतीय व्यक्ती परीक्षा देऊन ॲमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर प्रमाणपत्र मिळवू शकते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) यावा लागतो, रिस्ट्रिक्टेडसाठी मोर्स लागत नाही. परीक्षेत रेडिओचे तांत्रिक ज्ञान आणि नियम असे दोन भाग असतात. ही परीक्षा वायरलेस मॉनिटरिंग केंद्रांवर घेतली जाते आणि खान्देशातील उमेदवाराला त्यासाठी मुंबई किंवा नागपूरकडे जाण्याची तयारी ठेवावी लागते. परवान्याची मुदत २० वर्षांची किंवा आजीवन अशी निवडता येते. परवान्यासोबत मिळणारे कॉल साइन (स्टेशनचे ओळखचिन्ह) संभाषणात सांगणे बंधनकारक आहे. वाहनातून हौशी स्टेशन चालवायचे असेल तर आपल्या परवान्यातील मोबाइल वापराची अट तपासून घ्यावी. १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे हौशी पट्टे गाडीतील वापराला सोयीचे पडतात.

हा परवाना व्यवसायासाठी नसतो, आणि हे वाक्य वाहतूकदारांसाठी आहे. मालकाने परीक्षा दिली, कॉल साइन घेतले आणि त्यावर ट्रकचालकांना लोडिंगच्या सूचना देऊ लागला, तर तो परवान्याबाहेरचा वापर होतो. परीक्षा न दिलेल्या चालकाने परवानाधारकाच्या देखरेखीशिवाय बोलणे हाही भंगच आहे.

तिसरा वर्ग स्वतःच्या कामासाठी खासगी जाळे उभारणाऱ्यांचा, म्हणजे कॅप्टिव्ह वापराचा आहे. साखर कारखाना, रुग्णालय, सुरक्षा संस्था, वीजप्रकल्प किंवा मोठा वाहतूकदार यांनी याच मार्गाने जावे. येथे विशिष्ट फ्रिक्वेन्सी, विशिष्ट क्षेत्र आणि सेटची विशिष्ट संख्या मंजूर होते. वेळही याच वर्गात सर्वाधिक जातो, त्यामुळे गाळप हंगामासाठी जाळे हवे असेल तर दिवाळीच्या तोंडावर अर्ज करणे उपयोगाचे नाही.

कॅप्टिव्ह अर्जाची वाट

पोर्टलवर नोंदणी केल्यावर अर्जदार संस्थेची नोंदणी, पॅन, पत्त्याचा पुरावा आणि सही करणाऱ्या व्यक्तीच्या नावे अधिकारपत्र जोडावे लागते. त्यानंतर तांत्रिक तपशील येतो: मुख्य केंद्राचे अक्षांश-रेखांश, अँटेनाची उंची आणि गेन, प्रेषणशक्ती, हवी असलेली बँडविड्थ, गाडीत आणि हातात वापरायच्या सेटची संख्या, सेटचा मेक व मॉडेल आणि जाळ्याचा नकाशा. मोबाइल फोनने काम का भागत नाही, हे सांगणारे समर्थनही असावे. ते 'संपर्कासाठी आवश्यक' इतक्या मोघम वाक्यात संपवू नये. कोणत्या गावापासून कोणत्या घाटापर्यंत रेंज जाते, तेथे किती वाहने असतात आणि संपर्क तुटल्यास नेमके काय अडते, हे तपशिलाने लिहिल्यास शंका कमी येतात.

क्षेत्र लिहिताना खान्देशाचा भूगोल विचारात घ्यावा. केळीचा ट्रक रावेरहून निघाला की थोड्याच वेळात बऱ्हाणपूरच्या हद्दीत, म्हणजे मध्य प्रदेशात असतो. धुळ्याहून सेंधव्याकडे आणि नवापूरहून सोनगढकडे जाणारी वाहनेही राज्य बदलतात. मंजूर क्षेत्रात फक्त जळगाव जिल्हा असेल तर सीमेपलीकडे सेट बंद ठेवणे हाच एक पर्याय उरतो. दुसऱ्या टोकाला, कोणी हवेहवेसे वाटते म्हणून तीन राज्यांचे क्षेत्र मागितले तर शुल्क वाढते आणि छाननीही लांबते. खरोखर चालणारे मार्ग नकाशावर आखून तेवढेच मागणे शहाणपणाचे आहे.

मुख्य केंद्राचा मनोरा किंवा डोंगरावरील रिपीटर (संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र) यांच्या जागेसाठी सॅकफा ही स्वतंत्र मंजुरी लागते. ती विमान वाहतूक, संरक्षण आणि इतर वापरकर्त्यांच्या दृष्टीने जागा तपासते. गाडीतील प्रत्येक सेटसाठी ती घ्यावी लागत नाही. रिपीटर सातपुड्यात वनजमिनीवर बसवायचा असेल, तर वनविभागाची परवानगी हा वेगळाच विषय आहे आणि त्याची सुरुवात आधी करावी. छाननी झाल्यावर तत्त्वतः मान्यतेचे पत्र मिळते, त्यानुसार स्पेक्ट्रम शुल्क आणि परवाना शुल्क भरावे लागते आणि त्यानंतर चालवण्याचा परवाना येतो. तत्त्वतः मान्यतेचे पत्र म्हणजे परवाना नव्हे. ते हातात घेऊन सेट सुरू केलेले अनेक जण भेटतात.

सेट घेताना पावतीवर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, ईटीए क्रमांक पडताळावा आणि विक्रेत्याकडून फक्त मंजूर फ्रिक्वेन्सीच प्रोग्रॅम करून घ्यावी. पोलीस, रेल्वे किंवा वनविभागाच्या फ्रिक्वेन्सी सेटमध्ये भरून ठेवणे, मग ती केवळ ऐकण्यासाठी का असेना, टाळावे. भुसावळसारख्या रेल्वे जंक्शनच्या आसपास एखाद्या भरकटलेल्या सेटमुळे व्यत्यय आला, तर त्याचे परिणाम गंभीर असतील.

गाडीतील जोडणी

सेट बसवणे म्हणजे सहसा गाडीत उपकरण जोडणे, गाडीची रचना बदलणे नव्हे. तरीही टपावर मोठा कॅरिअर, दुसरी बॅटरी किंवा केबिनमध्ये कापाकाप करायची असेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा (वाहनाच्या रचनेत बदल करण्याचा) प्रश्न येऊ शकतो. अशा वेळी आपल्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी. जळगाव एमएच १९, धुळे एमएच १८ आणि नंदुरबार एमएच ३९ अशी नोंदणी असल्याने ज्या कार्यालयात आरसीची नोंद आहे तेथेच पत्र द्यावे. विमा कंपनीलाही कळवावे. कारखान्यातून न आलेल्या इलेक्ट्रिकल जोडण्यांसाठी मोटार विम्यात आयएमटी २४ हे स्वतंत्र कलम आहे आणि त्याखाली नोंद केली नसेल तर सेट जळाल्यावर किंवा चोरीला गेल्यावर दावा अडकतो.

वीजजोडणी सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून करू नये. २५ वॅटचा व्हीएचएफ (१५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा) सेट बोलताना साधारण ५ ते ६ अँपिअर आणि ५० वॅटचा १० ते १२ अँपिअर घेतो. सॉकेट गरम होते, व्होल्टेज पडते आणि इंजिनाचा आवाज रेडिओत ऐकू येतो. पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीवरून घ्यावी आणि सेट बनवणाऱ्याने सांगितलेल्या क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. फ्यूज सेटजवळ असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यास तिला काहीच संरक्षण राहत नाही, आणि आग नेमकी तिथूनच लागते. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून वायर आत आणताना छिद्रात रबरी बुश हवाच. अलीकडच्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत निगेटिव्ह वायर त्या टोकाऐवजी वाहन कंपनीने दाखवलेल्या चेसिसच्या बिंदूवर द्यावी.

ट्रक आणि बसमध्ये २४ व्होल्टची यंत्रणा असते आणि बहुतेक सेट १२ व्होल्टचे असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घेण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास चालते. त्याने एक बॅटरी कमी आणि दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात. योग्य क्षमतेचा कन्व्हर्टर बसवणे हाच मार्ग आहे.

सेट कोठे बसवावा, याचे उत्तर आधी एअरबॅग कोठे उघडते हे पाहून द्यावे. त्या जागेत सेट, माइकचा हूक किंवा वायर असेल तर अपघातात ती वस्तू प्रवाशाच्या अंगावर फेकली जाते. सेट पक्क्या ब्रॅकेटवर स्क्रूने बसवावा, चिकटपट्टीने नव्हे. सीएनजी किंवा एलपीजीची टाकी असलेल्या डिकीत तो ठेवू नये. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांवर जातो आणि बंद उभ्या गाडीची केबिन त्याहून बरीच तापते, म्हणून काचेखाली डॅशबोर्डवर सेट ठेवणे म्हणजे तो लवकर मारणे होय. सीटखाली ठेवायचा असेल तर हवा खेळती राहील आणि धूळ थेट पंख्यात जाणार नाही, अशी जागा निवडावी.

अँटेना टपाच्या मध्यावर असेल तर पत्रा त्याला चारही बाजूंनी जमिनीसारखा आधार देतो. १५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सुमारे ५० सेंटिमीटर आणि २७ मेगाहर्ट्झला पावणेतीन मीटरच्या आसपास येते. त्यामुळे सिटिझन बँडचा अँटेना कॉइल घालून आखूड केलेलाच घ्यावा लागतो. गावातील लोंबकळत्या वीजतारा आणि रेल्वेखालचे कमी उंचीचे बोगदे लक्षात घेऊन एकूण उंची ठरवावी. केबल मूळ वायरिंगच्या जुडग्यापासून आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटपासून दूर न्यावी. जोडणीनंतर एसडब्ल्यूआर मीटरने, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते हे दाखवणाऱ्या मीटरने, तपासावे: १.५ पर्यंत उत्तम, २ च्या वर गेल्यास केबल व जोड पुन्हा पाहावेत. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण दाबल्यास सेटचा अखेरचा टप्पा, म्हणजे लहरी बाहेर पाठवणारा भाग, जळू शकतो. गाडीला टेकून कोणी उभे असताना, अँटेनाला कोणाचा हात लागण्याची शक्यता असताना प्रेषण करू नये.

गाडी चालवताना हातात धरून संपर्क साधन वापरणे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. त्यामुळे चालकाने बोलायचे असेल तर गाडी बाजूला घ्यावी, नाहीतर माइक सहप्रवाशाकडे द्यावा.

पेट्रोल पंपावर सेट बंद ठेवावा. दगडखाणीत किंवा विहिरीच्या सुरुंगाच्या जागी तर तो अधिक काटेकोरपणे बंद ठेवावा, कारण विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या रेडिओ लहरी पकडू शकतात. स्फोटाचे काम करणारा परवानाधारक जे अंतर सांगेल, त्याच्या आत सेटचे बटण दाबू नये. सेट बंद करण्यास तो सांगत असेल तर तत्काळ करावा.

परवान्याची प्रत, सेटची पावती आणि ईटीएची प्रत गाडीत आरसीसोबत ठेवावी. परवान्याचे नूतनीकरण मुदत संपण्याआधी करावे. गाडी विकताना सेट काढून घ्यावा: आरसी नव्या मालकाच्या नावावर होते, वायरलेसचा परवाना होत नाही.