विषयवार वाचन-आव्हान

विषयवार वाचन-आव्हान : ठरावीक मुदतीत, आधी ठरवलेल्या विषयाला धरून पुस्तके वाचायची आणि वाचलेले सोबतच्या वाचकांपुढे मांडायचे, असा सामूहिक उपक्रम. बोलण्यात त्याला ‘रीडिंग चॅलेंज’ किंवा नुसते ‘चॅलेंज’ म्हणतात आणि विषयाला ‘थीम’. आव्हान हा शब्द येथे स्पर्धेच्या अर्थाने नाही; ते ज्याने त्याने स्वतःला दिलेले असते आणि बाकीच्यांनी त्याला साक्षी राहायचे असते. वाचक मंडळ आणि पुस्तक-भिशी हे त्याचे सख्खे शेजारी असले तरी तिन्हींची घडण वेगळी आहे. वाचक मंडळात सगळे मिळून एकच पुस्तक वाचतात. पुस्तक-भिशीत दरमहा वर्गणी जमते आणि ज्याचे नाव निघेल त्याला त्या रकमेची पुस्तके मिळतात. वाचन-आव्हानात मात्र विषय एक आणि पुस्तके ज्याची त्याची असतात. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांना हा प्रकार जवळचा वाटतो, त्याचे मूळ या शेवटच्या फरकात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आव्हानाची मुदत महिन्याची, चार महिन्यांची किंवा वर्षाची असते. दर महिन्याला एक विषय देणे ही सर्वांत साधी रीत. दुसरी रीत बिंगोच्या पत्रकाची : पाच ओळी, पाच रकाने, अशा पंचवीस चौकटी आखायच्या, प्रत्येकीत एक अट लिहायची आणि मधली चौकट मोकळी सोडायची. ‘आपल्या जन्मवर्षी प्रसिद्ध झालेले पुस्तक’, ‘दक्षिणेकडील भाषेतून मराठीत आलेली कादंबरी’, ‘घरातील वडीलधाऱ्यांनी सुचवलेले पुस्तक’, ‘विकत घेऊन पाच वर्षे न उघडलेले पुस्तक’ अशा त्या अटी असतात. आडवी, उभी किंवा तिरपी ओळ भरली की एक टप्पा पूर्ण होतो. नियमांवर सुरुवातीला बरीच चर्चा होते. पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा वाचले तर ते धरायचे का, एकच पुस्तक दोन चौकटींत बसवता येईल का, ऐकलेले ऑडिओबुक हे वाचन मानायचे का, कवितासंग्रहाला पानांची अट लावायची का, हे प्रश्न बहुतेक गटांत निघतात. यांतील शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऐंशी पानांचा कवितासंग्रह आणि आठशे पानांची ऐतिहासिक कादंबरी यांना एका मापाने मोजणे कवितेवर अन्याय करणारे आहे, आणि केवळ पाने मोजणाऱ्या गटांत कविता हळूहळू यादीतून गळून पडते. म्हणून विचारी गट कवितेसाठी स्वतंत्र चौकट ठेवतात आणि त्या चौकटीसाठी एक कविता मेळाव्यात मोठ्याने वाचण्याची अट घालतात.

हिशेब अगदीच आटोक्यातला असतो. रोज वीस पाने वाचणारा माणूस वर्षाला सुमारे ७,३०० पाने वाचतो, म्हणजे तीनशे पानांची चोवीस पुस्तके. ठाणे ते वाशी हा ट्रान्स-हार्बर लोकल रेल्वेमार्गावरील प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे; बसायला जागा मिळाली तर जाता-येता मिळून ही वीस पाने आरामात होतात, आणि उभ्याने प्रवास करणाऱ्यालाही एक कथा किंवा एक लेख वाचून होतो. २००४ मध्ये हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला आणि ठाण्याच्या जुन्या ग्रंथालयाचा सभासद ऐरोली, घणसोली किंवा कोपरखैरणे येथे राहूनही पुस्तक बदलायला येऊ शकेल, इतकी ही दोन शहरे जवळ आली.

आज प्रचलित असलेले या उपक्रमाचे रूप इंग्रजीभाषक जगातून आले. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांसाठी सुट्टीतील वाचनाचे उपक्रम सुरू केले. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या आणि ‘द रीडिंग एजन्सी’ ही संस्था चालवत असलेल्या उन्हाळी आव्हानात मुलांनी सुट्टीत ग्रंथालयातील सहा पुस्तके वाचावीत असा पायंडा पडला. ‘गुडरीड्स’ या वाचकांच्या संकेतस्थळाने २०११ पासून वर्षाला किती पुस्तके वाचणार याचा आकडा जाहीर करण्याची सोय दिली आणि प्रौढ वाचकांमध्ये ही रीत जगभर पसरली. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, अ‍ॅन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेने जगातील प्रत्येक देशाचे एक पुस्तक वर्षभरात वाचण्याचा संकल्प केला. या दोन उदाहरणांत आव्हानाच्या दोन्ही वाटा दिसतात : एक आकड्याची, दुसरी विषयाची. आकडा वाचकाला त्याच्या आवडीतच अधिक वेगाने फिरवत ठेवतो. विषय त्याला आवडीच्या कुंपणाबाहेर नेतो.

मराठी माणसाला मात्र नेम धरून वाचणे नवीन नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात एखादी पोथी लावायची, गुरुचरित्राचा सप्ताह करायचा, ज्ञानेश्वरीच्या अठरा अध्यायांचे पारायण करायचे, आणि नेम पुरा झाला की उद्यापन करायचे, ही घराघरांतील रीत होती आणि अनेक घरांत अजून आहे. संकल्प, ठरलेला काळ, रोजचा ठरलेला भाग, सोबतीने वाचन आणि शेवटी सांगता, हे आजच्या आव्हानाचे सर्व घटक त्यात आहेत. सामूहिक पारायणात अध्याय वाटून घेण्याची पद्धत तर पत्रकातील चौकटी वाटून घेण्यासारखीच आहे. फरक हेतूचा आहे. पारायणात तोच ग्रंथ पुन्हा वाचण्याला मोल आहे आणि आव्हानात न वाचलेल्याकडे जाण्याला. तरीही ठाण्यातील साठीच्या पुढच्या वाचकांना हा उपक्रम समजावून सांगावा लागत नाही, त्याचे कारण त्यांच्या आईच्या किंवा आजीच्या नेमात सापडते. चातुर्मासाचेच चार महिने धरून लौकिक साहित्याचे आव्हान आखणे हा या दोन्हींचा सुंदर मेळ आहे.

वाचनाच्या कॅलेंडरला आणखीही मराठी खुणा आहेत. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि कुसुमाग्रजांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आहे. अनेक आव्हाने यांपैकी एका दिवशी सुरू होतात किंवा संपतात. दिवाळीनंतरचे सहा-आठ आठवडे दिवाळी अंकांचे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही परंपरा आव्हानाला अगदी सोयीची आहे. ग्रंथालये त्या काळात थोड्या जादा वर्गणीत अंक फिरते ठेवतात आणि गटातील प्रत्येकाने वेगळा अंक वाचून त्यातील एक कथा व एक वैचारिक लेख इतरांना सांगायचा, असा नियम करता येतो.

ठाण्याचा विशेष म्हणजे येथील ग्रंथालय. मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे, १८९३ मध्ये स्थापन झाले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे वि. ल. भावे हे त्याच्या संस्थापकांपैकी होत. मराठीत छापलेले ग्रंथ एके ठिकाणी जमवून जपावेत, हा त्यामागचा हेतू होता. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरवणाऱ्या या शहरात वाचक आणि पुस्तकांची कपाटे या दोहोंची कधी वाण नव्हती. उणीव होती ती कपाटाच्या मागच्या रांगेपर्यंत वाचकाचा हात पोहोचवणाऱ्या निमित्ताची.

येथे विषयवार आव्हानाचा खरा उपयोग दिसतो. मराठी पुस्तकाची आवृत्ती संपली की ते दुकानात वर्षानुवर्षे मिळत नाही आणि ग्रंथालयात त्याची बहुधा एकच प्रत असते. पंधरा जणांच्या वाचक मंडळाने एकच जुने पुस्तक निवडले, तर चौदा जणांना ताटकळत बसावे लागते. विषय एक आणि पुस्तके पंधरा असतील, तर ग्रंथालयातील पंधरा प्रती एकाच महिन्यात बाहेर पडतात. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे, आणि हे सूत्र इतक्या सहज अमलात आणणारा दुसरा उपक्रम सापडणे कठीण. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली असते. सुरुवातीचे शिक्के दाटीवाटीने, दर दहा-पंधरा दिवसांचे. मग महिन्यांचे अंतर, मग वर्षांचे. शेवटचा फिकट जांभळा शिक्का वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आणि त्याखाली चिठ्ठी कोरी. पिवळ्या पडलेल्या त्या कागदावर नव्या तारखेचा ठसठशीत शिक्का उमटलेला पाहणे हा आव्हानात भाग घेणाऱ्याचा मोठा आनंद असतो. काही वाचक पुस्तकाच्या नावाबरोबर मागच्या शिक्क्याची तारीखही आपल्या वहीत लिहून ठेवतात.

विषय निवडणे हे आव्हानातील सर्वांत कौशल्याचे काम होय. ‘प्रेम’ किंवा ‘इतिहास’ असे मोकळे विषय निकामी ठरतात, कारण त्यांत प्रत्येकाला आपले नेहमीचे पुस्तक बसवता येते. फार अरुंद विषयाला पुस्तकेच मिळत नाहीत. ‘ज्ञानपीठ मिळालेले मराठी लेखक’ हा विषय चौघांचाच आहे : वि. स. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४). पण त्यांत दोन कादंबरीकार आणि दोन कवी असल्यामुळे केवळ कादंबऱ्या वाचणाऱ्याला कवितेकडे वळावेच लागते. ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य’ हा विषय घेतला, तर १८५७ मध्ये निघालेल्या बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’पर्यंत वाचक पोहोचतो आणि पहिल्या दहा पानांत भाषेशी झटापट केल्यावर विधवांच्या दुःखाचे ते वर्णन त्याला थांबू देत नाही. ‘कन्नडमधून मराठीत’ या विषयाने उमा कुलकर्णी यांनी आणलेल्या एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या हाती येतात आणि अनुवादकाचे नाव पाहून पुस्तक निवडायची सवय लागते.

‘आपला जिल्हा’ हा विषय ठाण्यात विशेष फळ देतो. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात वारली आदिवासींच्या, १९४५ मध्ये पेटलेल्या, वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची हकिकत आहे. तलासरी, डहाणू ही त्यातील ठिकाणे आज पालघर जिल्ह्यात येतात. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यातच होती. हे पुस्तक मेळाव्यात मांडले जाते तेव्हा शहरातला वाचक नकाशा काढून बसतो. आपल्याच जिल्ह्यात, आपल्या आजोबांच्या हयातीत, माणसे जमीनदाराच्या घरी लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबत होती, हे त्याला अनेकदा तेथे पहिल्यांदा कळते. घरगुती आवडीवर सोडले असते, तर यांतील पुष्कळांनी हे पुस्तक हाती घेतले नसते.

नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने वसवलेल्या या शहराला जुन्या ग्रंथालयाचा वारसा नाही, आणि पत्ते सेक्टरच्या आकड्यांत असल्यामुळे शेजाऱ्याची ओळखही सवडीने होते. येथे सोसायटीचे सभागृह, उद्यानातील बाक किंवा एखाद्या सभासदाचा दिवाणखाना ही भेटीची जागा असते. गटात सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबे, कोकणी, विदर्भातले आणि मूळचे आगरी-कोळी असे सगळे असू शकतात, म्हणून ‘आपल्या गावाकडचे पुस्तक’ हा विषय येथे जसा खुलतो तसा ठाण्यातही खुलत नाही. प्रत्येक जण आपल्या मुलखाची बोली घेऊन येतो. ‘जमीन’ हा दुसरा विषय. या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. त्या गावांतील वाचक गटात असेल, तर त्या महिन्यात पुस्तकापेक्षा त्याचे बोलणे अधिक ऐकले जाते, आणि तसेच व्हावे.

आव्हानाचे दोषही सांगितले पाहिजेत. वर्षअखेर जवळ आली की बारीक पुस्तके शोधून चौकटी भरण्याकडे कल होतो. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो ग्रुपवर टाकला की वाचन झाले, अशी समजूत पसरते, आणि महिन्याला आठ पुस्तके वाचणाऱ्यापुढे दोन वाचणारा बोलेनासा होतो. नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून वाचणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष घडते, आणि हे नुकसान साधे नाही, कारण संथ वाचणाऱ्यांकडेच बहुतेक वेळा सांगण्यासारखे जास्त असते. यावर गटांनी शोधलेले उपाय साधे आहेत : आकडा जाहीर करायचा नाही, प्रत्येकाने पुस्तकातील एक उतारा वाचून दाखवायचा, अर्धवट सोडलेल्या पुस्तकालाही एक चौकट द्यायची आणि ते का सोडले हे सांगायचे. ही शेवटची चौकट मेळाव्यात हमखास रंगते.

वर्ष संपताना सांगतेचा मेळावा भरतो. पत्रके एकत्र केली जातात, हाताळून मऊ झालेली, घड्यांवर फाटलेली, कोठे चहाचा डाग पडलेली. मग एका डब्यात चिठ्ठ्या टाकून पुढच्या वर्षाचे विषय काढले जातात आणि ज्याच्या चिठ्ठीवरचा विषय निघाला त्याने त्या विषयाची ग्रंथालयात उपलब्ध असलेली पुस्तके शोधून, त्यांचे दाखल क्रमांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतील क्रमांक) लिहून, पहिल्या आठवड्यात यादी द्यायची असते.