निवासी मूल्यमापन (परिचर्या प्रशिक्षण)

निवासी मूल्यमापन : वृद्धाश्रमात किंवा दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या व्यक्तीची शारीरिक, मानसिक व सामाजिक स्थिती ठराविक मुदतीने आणि ठराविक पद्धतीने तपासणे, तिची नोंद करणे व त्या नोंदीवरून शुश्रूषेचा आराखडा ठरवणे, या परिचर्येतील कामास निवासी मूल्यमापन म्हणतात. रुग्णालयातील तपासणीचा मुख्य हेतू आजाराचे निदान हा असतो. निवासी मूल्यमापनात मात्र अंथरुणातून उठणे, आंघोळ, जेवण, शौचास जाणे, चालणे अशा रोजच्या गोष्टींत त्या व्यक्तीला कोणती आणि किती मदत लागते, हे पाहावे लागते. ही नोंद मुख्यतः सोलापूरच्या परिचारिकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

या पद्धतीला कायद्याचे अधिष्ठान अमेरिकेत मिळाले. तेथील शुश्रूषागृहांतील हेळसांडीविषयीचा एक सविस्तर अहवाल 1986 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1987 च्या सुधारणा कायद्याने प्रत्येक निवाशाचे एकसमान नमुन्यात मूल्यमापन करणे बंधनकारक झाले. हा नमुना ‘मिनिमम डेटा सेट’ या नावाने ओळखला जातो व त्याची तिसरी आवृत्ती ऑक्टोबर 2010 पासून वापरात आहे. प्रवेशानंतर 14 दिवसांच्या आत पहिले सर्वंकष मूल्यमापन, पुढे साधारण दर तिमाहीस फेरतपासणी, वर्षातून एकदा पुन्हा सर्वंकष मूल्यमापन आणि मध्येच प्रकृतीत मोठा बदल झाल्यास त्या वेळी नवे मूल्यमापन, असा त्याचा क्रम आहे. ते पूर्ण झाल्याची सही नोंदणीकृत परिचारिकेनेच करावयाची असते. या कामासाठी तेथे स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षाही घेतली जाते. ही माहिती वाचताना सोलापूरच्या परिचारिकेने एक गोष्ट लक्षात ठेवावी : आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे प्रसूती वा शस्त्रक्रिया होणारे छोटे खासगी रुग्णालय, तर अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ वृद्ध व परावलंबी माणसांचे दीर्घकालीन निवासस्थान असा आहे.

भारतात अशा एकसमान मूल्यमापनाची सक्ती नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाविषयीच्या 2007 च्या अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे, आणि 2010-11 पासून ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमही चालू आहे. पण आश्रमात आलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात कोणी, काय विचारावे हे बहुतेक ठिकाणी तेथील सिस्टरच्या समजुतीवरच अवलंबून राहते. प्रशिक्षणाची खरी निकड यातूनच निर्माण होते.

पायाभूत पात्रता म्हणजे तीन वर्षांची जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) पदविका किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी. बी.एस्सी.च्या 2021 मधील सुधारित अभ्यासक्रमात प्रौढांच्या परिचर्येबरोबर वृद्धांची परिचर्या शिकवली जाते. त्यापुढे भारतीय परिचर्या परिषदेच्या आराखड्यानुसार वृद्ध परिचर्येची एक वर्षाची पदविकाही आहे. सोलापुरात 1963 मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयातील वॉर्डाचा अनुभव उपयोगी पडतो, मात्र तो पुरेसा नाही. वॉर्डात रुग्ण काही दिवसांत घरी जातो आणि तिमाहीगणिक हळूहळू होणारा बदल परिचारिकेच्या नजरेस पडतच नाही.

मोजपट्ट्या शिकणे हा प्रशिक्षणातील सोपा भाग होय. दैनंदिन क्रियांसाठी बार्थेल निर्देशांक (0 ते 100), शय्याव्रणाच्या (सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमेच्या) धोक्यासाठी ब्रेडन मापनी (6 ते 23, गुण जितके कमी तितका धोका अधिक), उदासीनतेसाठी 15 प्रश्नांची वार्धक्य-अवसाद मापनी, अशी साधने काही दिवसांत हाताळता येतात. अवघड भाग निरीक्षणाचा असतो. एखादी आजी स्वतः आंघोळ करू शकते, पण त्यात पाऊण तास जातो म्हणून मावशी तिला दहा मिनिटांत न्हाऊ घालतात. अशा वेळी ‘पूर्ण मदत लागते’ एवढेच लिहिले, तर आजीची शाबूत असलेली क्षमता कागदावरून पुसली जाते आणि काही महिन्यांनी ती खरोखरच नाहीशी होते. म्हणून काय घडते आणि काय घडू शकते, या दोन्हींची नोंद वेगवेगळी करावी. अमेरिकी नमुन्यातील बरेचसे प्रश्न मागील सात दिवसांविषयी असतात. सकाळच्या ड्यूटीतील परिचारिकेला रात्री काय झाले ते दिसत नाही. त्यामुळे रात्रपाळीच्या मावशी-मामांना, स्वयंपाकघरातल्या बाईंना आणि भेटीस आलेल्या मुलाला विचारल्याशिवाय नोंद पूर्ण धरता येत नाही.

याच नमुन्यात श्रवण व दृष्टी यांविषयीचा भाग स्मरणशक्तीच्या चाचणीपूर्वी येतो, आणि सोलापुरात या क्रमाला विशेष अर्थ आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या कामगाराला ऐकू कमी येत असेल, तर स्मरणचाचणीतले कमी गुण बुद्धीचे नसून कानांचे असतात. भाषेचेही तसेच आहे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलली जाते. विणकर घराण्यातील पद्मशाली आजोबा बाजारात सफाईने मराठी बोलत असले, तरी स्मृती क्षीण होऊ लागली की पुष्कळदा आधी नंतर शिकलेली भाषा सुटते आणि घरातली तेलुगू मागे उरते. स्मरणचाचणीत ‘मोजे, निळा, पलंग’ असे तीन शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात, शिवाय वर्ष, महिना व वार विचारतात. 15 पैकी 13 वा अधिक गुण म्हणजे स्मृती शाबूत, 8 ते 12 म्हणजे मध्यम ऱ्हास आणि त्याखाली तीव्र ऱ्हास. ही चाचणी ज्याच्या त्याच्या भाषेत घेणेच योग्य ठरते. त्यासाठी सहकाऱ्याची मदत घ्यावी. नातेवाइकाला दुभाषी केले तर तो नकळत उत्तर सुचवतो. आयुष्यभर विड्या वळलेल्या निरक्षर आजीला वाक्य लिहावयास सांगणारी चाचणी देणे अन्यायाचे आहे. याच कारणासाठी 1990 च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ भागात निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी तयार करण्यात आली होती. इंग्रजी महिना न सांगणारी आजी ‘गड्ड्याची जत्रा (सोलापुरात जानेवारीत भरणारी सिद्धेश्वराची यात्रा) नुकतीच झाली’ असे जानेवारीत अचूक सांगत असेल, तर ठरलेले गुण न बदलता तिचे उत्तर शेजारी शब्दशः लिहून ठेवावे. पुढील तिमाहीत तुलनेसाठी तेच वाक्य सर्वांत उपयोगी पडते.

आहाराच्या नोंदीतही स्थानिक जाण लागते. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन घटणे ही धोक्याची खूण मानतात. म्हणजे 50 किलोची व्यक्ती महिन्याभरात साडेसत्तेचाळीस किलोवर आली, तर शोध सुरू व्हायला हवा. परंतु वजनकाट्याच्या आधी ताट बोलते. कडक भाकरी आवडीने खाणारा माणूस ती दुधात कुस्करून मागू लागला किंवा शेंगाचटणी बाजूला सारू लागला, तर कवळी, हिरड्या, तोंडातील जखम व गिळण्याची अडचण त्याच दिवशी तपासावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा पाणी किती प्यायले जाते याची स्वतंत्र नोंद हवी. एखाद्या दिवसात अचानक उद्भवलेला, कमीजास्त होणारा आणि लक्ष विचलित करणारा मनाचा गोंधळ हा वार्धक्याचा भाग समजून सोडून देऊ नये. शरीरातील पाणी कमी होणे, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा नवे औषध ही त्याची कारणे असू शकतात आणि डॉक्टरांना लगेच बोलावणे आवश्यक असते.

त्वचेची तपासणी कागदावर शिकता येत नाही. माकडहाड, टाचा, नितंबाची बाजू आणि कोपर उघडून, पुरेशा उजेडात पाहावे लागतात. सावळ्या त्वचेवर शय्याव्रणाची पहिली लाली स्पष्ट दिसत नसल्याने बोटांना जाणवणारा उबदारपणा, कठीणपणा वा दुखरेपणा हीच खूण धरावी. तपासण्यापूर्वी परवानगी घेणे आणि पडदा ओढणे हाही या कौशल्याचाच भाग आहे, कारण लाजेने अंग चोरून घेणाऱ्या व्यक्तीची नोंद नेहमी अपुरी राहते.

नोंदीतून आराखडा निघाला नाही, तर सारा खटाटोप फुकट जातो. ‘पडण्याचा धोका’ असे लिहून थांबण्याऐवजी रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठताना आजोबा पलंगाच्या कोणत्या बाजूने उतरतात, तेथे दिवा व आधाराचा दांडा आहे का, आणि झोपेची गोळी केव्हा दिली जाते, इतके उतरले पाहिजे. नवशिक्या परिचारिकेने अनुभवी परिचारिकेबरोबर एकाच निवाशाचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. जेथे गुणांत फरक पडतो तेथे व्याख्या नीट समजलेली नसते किंवा दोघींपैकी एकीने प्रत्यक्ष न पाहता भरलेले असते. चर्चा करूनही फरक मिटला नाही, तर दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून त्या व्यक्तीकडे जावे आणि तीच कृती पुन्हा एकदा पाहावी.