लीलावतीतल्या श्रेढीपासून माधवाच्या अनंत श्रेणीपर्यंत

दहावीला अंकगणिती श्रेढी शिकवतात तेव्हा पहिले पद, साधारण फरक आणि पदांची संख्या दिली की बेरीज निघते. हा नियम इ. स. ४९९च्या आर्यभटीयात आहे, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) ‘श्रेढीव्यवहार’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. पहिले पद म्हणजे आदि, फरक म्हणजे चय, पदसंख्या म्हणजे गच्छ. त्यातले एक उदाहरण असे: शत्रूचे हत्ती पळवायला निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजने चालला, पुढे रोज सारख्याच प्रमाणात चाल वाढवत सात दिवसांत ऐंशी योजने गेला, तर रोजची वाढ किती? उत्तर २२/७. वर्तुळाच्या परिघासाठी लीलावतीत दिलेले स्थूल गुणोत्तरही नेमके हेच. योगायोग असेलही, पण भास्कराचार्यांनी गालातल्या गालात हसत हे आकडे निवडले असावेत, असे मला आपले वाटते.

या सगळ्या श्रेढी कुठेतरी थांबणाऱ्या होत्या. न थांबणाऱ्या बेरजेचे गणित उभे राहिले ते केरळात, निळा नदीच्या परिसरात. संगमग्रामचा माधव (सुमारे १३४०–१४२५) याने परिघासाठी दिलेली श्रेणी आजच्या मांडणीत अशी: १ − १/३ + १/५ − १/७ + … = पाय/४ (पाय, म्हणजे π, हे परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर). श्रेणींवरचा त्याचा स्वतःचा ग्रंथ आज हाती नाही. शिष्यपरंपरेने उद्धृत केलेल्या श्लोकांतून तो कळतो. त्यांतले बरेच श्लोक शंकर वारियर याच्या ‘क्रियाक्रमकरी’त सापडतात, आणि हा ग्रंथ म्हणजे लीलावतीवरचीच टीका. मूळ ग्रंथात नसलेले इतके मोठे गणित टीकाकाराने टीकेत सामावून घ्यावे, ही आपल्याकडची जुनी रीत.

श्रेणी सुंदर खरी, पण कमालीची संथ. पाच पदे घेऊन चारने गुणले तर ३.३३९७ येते, हजार पदे घेतली तरी तिसऱ्या दशांश स्थळावर चूक राहतेच. माधवाच्या परंपरेची खरी करामत इथे दिसते. उरलेली, न मोजलेली शेपटी साधारण केवढी असेल याचा अंदाज बांधून त्यांनी ‘अंत्यसंस्कार’ म्हणजे शेवटच्या पदानंतरची दुरुस्ती दिली. एका दुरुस्तीत पदसंख्येला तिच्या वर्गाच्या चौपटीत एक मिळवून भागायचे. पाच पदांसाठी ही दुरुस्ती ५/१०१. ती वजा करून चारने गुणले की एकदम ३.१४१७. त्याहून सूक्ष्म दुरुस्ती २६/५२५ घेतली तर त्याच पाच पदांतून ३.१४१५९. अनंताचे नाव घेणे सोपे असते. अर्ध्यावर थांबल्यावर काय राहिले याचा हिशेब देणे अवघड, आणि तो त्यांनी दिला. माधवाच्या नावावरच्या एका श्लोकात ९ वर अकरा शून्ये एवढ्या व्यासाचा परिघ २८२७४३३३८८२३३ सांगितला आहे. त्यातून पाय अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतो.

पुढे याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजीने १/४ + १/१६ + १/६४ … ही बेरीज वाढत राहूनही १/३ च्या पुढे का जात नाही आणि तिथपर्यंतच का पोहोचते, हा प्रश्न आर्यभटीयाच्या भाष्यात चर्चेला घेतला. ज्येष्ठदेवाने तर १५३०च्या आसपास ‘युक्तिभाषा’ मल्याळम गद्यात लिहिली आणि नुसते नियम न देता त्यांची सिद्धताही दिली.

युरोपात जेम्स ग्रेगरी १६७१मध्ये आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लायब्निझ याच श्रेणीपाशी पोहोचले. ती केरळातून तिकडे गेली असे काही जण ठासून सांगतात. मात्र तसे दाखवणारे एकही हस्तलिखित वा पत्र पुढे आलेले नाही, आणि तोवर दोन्हीकडचे शोध स्वतंत्र मानणेच रास्त. मलबारात नोकरीला असलेला कंपनी सरकारचा अधिकारी चार्ल्स व्हिश याचा केरळच्या श्रेणींवरचा निबंध १८३४मध्ये छापून आला. त्याकडे जवळपास शंभर वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४०च्या दशकात सी. टी. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्तिभाषेतल्या सिद्धता आधुनिक गणिताच्या भाषेत मांडल्या, तेव्हा कुठे गणितज्ञांनी हे काम गांभीर्याने घ्यायला सुरुवात केली. आता पुष्कळ पुस्तकांत ‘माधव–लायब्निझ श्रेणी’ असे जोडनाव दिसते.