औषधविषबाधेवरील डायलिसिस

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात साठलेले औषध यंत्राच्या साहाय्याने रक्तातून काढून टाकण्याची उपचारपद्धती. अशा रुग्णाला विषबाधा व्हायला जादा गोळ्या खाव्या लागत नाहीत. लघवीवाटे जाणारे औषध अंगातच राहिले, की नेहमीची मात्राही भोवते.

बॅक्लोफेनचे उदाहरण बोलके आहे. स्नायूंचा ताठरपणा घालवणारे हे औषध न थांबणाऱ्या उचकीवरही देतात, आणि मूत्रपिंडविकारात उचकी लागणे नवे नाही. ५-१० मिलिग्रॅमच्या मोजक्या गोळ्यांनंतरही रुग्णाला झापड येते, तो असंबद्ध बडबडतो. कधी बेशुद्ध पडून श्वास मंदावतो. घरच्यांना अर्धांगाचा झटका वाटतो, डॉक्टरांना युरिया वाढल्याची शंका येते. अशा वेळी पिशवीतली गोळ्यांची पाकिटे तपासणे मेंदूच्या स्कॅनइतकेच मोलाचे. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरनेही असाच भ्रम होतो. दोन्ही औषधे डायलिसिसने बऱ्यापैकी निघतात.

सगळीच औषधे अशी निघत नाहीत. रेणू लहान हवा, रक्तातील प्रथिनांना फारसा न चिकटणारा हवा आणि मुख्य म्हणजे औषध रक्तात सापडायला हवे. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन स्नायूंत मुरून बसते; तासन्‌तास यंत्र चालवूनही हाती फारसे लागत नाही, तिथे प्रतिपिंडांचे इंजेक्शनच कामी येते. मनोविकारावरचे लिथियम मात्र सहज निघते, पण पेशींतला साठा नंतर रक्तात उतरून पातळी पुन्हा चढते. म्हणून काही तासांनी फेरतपासणी करतात आणि गरज पडल्यास पुन्हा डायलिसिस. एक्स्ट्रिप या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीनुसार मूत्रपिंडे बिघडलेली असताना लिथियमची पातळी लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेली, तर डायलिसिस करावे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे रक्तातील आम्लता वाढून पीएच ७ किंवा त्याखाली गेल्यासही तीच शिफारस आहे. त्यात औषधाबरोबर आम्लताही आटोक्यात येते.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. १९१३ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या रक्तातून सॅलिसिलेट (ॲस्पिरिनच्या जातीचे औषध) गाळून दाखवले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांचा अर्क वापरला होता.

पोटातून केले जाणारे डायलिसिस संथ असल्याने तातडीच्या वेळी रक्ताचेच डायलिसिस करतात. हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने केलेली धमनी आणि शिरेची जोडणी) नसेल, तर मानेच्या किंवा जांघेच्या शिरेत नळी घालतात. यंत्र औषधाऔषधांत भेद करत नाही. काही प्रतिजैविकेही वाहून जातात, म्हणून ती सत्र संपल्यावर देतात.