मील किट दोन तऱ्हेचे: एकात सगळा स्वयंपाक तुमचा, दुसऱ्यात फक्त शेवटची दहा मिनिटं

लग्नाचा वाढदिवस घरीच करायचा, पण जेवण फाइन डायनिंगच्या थाटाचं हवं, असं ठरलं की शोध मील किटपाशी येतो. आणि इथेच घोळ होतो, कारण या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. खोकं सारखंच, आतल्या बर्फाच्या पिशव्या सारख्याच, वर देखण्या प्लेटचा फोटो आणि कोपऱ्यात एखाद्या शेफचं नाव. एका खोक्यात मोजूनमापून दिलेला कच्चा माल आणि कृतीचं कार्ड असतं. दुसऱ्यात रेस्तराँच्या किचनमध्ये शिजवून, थंड करून सीलबंद केलेले पदार्थ असतात. ते गरम करायचे, जुळवायचे आणि वाढायचे. पहिल्याला इथे रेसिपी बॉक्स म्हणू, दुसऱ्याला रेस्तराँ किट.

रेसिपी बॉक्सचं लक्ष कामाच्या दिवसांवर होतं. स्वीडनमध्ये २००७ च्या सुमारास ही कल्पना रुजली, २०११ मध्ये बर्लिनला हेलोफ्रेश आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला ब्लू एप्रन सुरू झालं. ‘आज काय करायचं’ हा रोजचा प्रश्न मिटवणं, एवढाच त्यांचा हेतू. सणासुदीची आवृत्ती नंतर आली, पण मूळ पिंड तोच राहिला. रेस्तराँ किट खरे पसरले ते २०२० मध्ये, टाळेबंदीत टेबलं रिकामी पडल्यावर. शिकागोच्या अलिनियासारख्या, त्या वेळी तीन मिशेलिन तारे (रेस्तराँच्या मिशेलिन गाइडमधला सर्वोच्च दर्जा) असलेल्या रेस्तराँनेही तेव्हा घरी नेऊन गरम करायचं जेवण विकायला काढलं.

त्यामागचं तंत्र मात्र जुनं आहे. १९७४ मध्ये फ्रान्समधल्या रोआन गावी त्र्वाग्रो बंधूंच्या रेस्तराँसाठी जॉर्ज प्रालूस या शेफने फ्वा ग्रा (मुद्दाम पोसलेल्या बदकाचं किंवा हंसाचं यकृत) प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मंद तापमानावर शिजवलं. शिजताना त्याचं वजन फार घटायचं, ते थांबवायचं होतं. आज ज्याला सू व्हीद म्हणतात ते यातूनच पुढे आलं. तुमच्या खोक्यातली मांसाची पिशवी बहुधा अशीच शिजलेली असते.

आता खरा फरक. रेस्तराँमध्ये पाहुणे यायच्या आधीच बहुतेक काम उरकलेलं असतं: तासन्‌तास आटवलेला स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेला अर्क), भाजून ठेवलेल्या भाज्या, गाळलेले सॉस. ऑर्डर आल्यावर फक्त शेवटचा हात फिरवायचा. रेस्तराँ किट हाच शेवटचा हात तुमच्याकडे सोपवतो. ‘नुसतं गरम तर करायचंय’ म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि नेमके तिथेच फसतात. पिशवीतून निघालेलं मांस शिजलेलं असतं, पण फिकट आणि ओलं असतं. त्याला खमंग तपकिरी रंग येतो तो साधारण १४० अंशांच्या पुढे, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान १०० च्या वर जात नाही. म्हणून आधी नीट टिपून कोरडं करायचं, पॅन चांगला तापवायचा आणि एका बाजूला मिनिटभरच ठेवायचं. जास्त रेंगाळलात तर आत जपलेला गुलाबी रंग गेलाच. लोण्याचा सॉस उकळला की फुटतो, त्याला मंद आचच लागते. डबीतला गडद सॉस जेलीसारखा थरथरताना दिसला तर घाबरू नका. हाडांतलं जिलेटिन आहे ते, गरम होताच वितळेल. कुरकुरीत वस्तू वेगळ्या डबीत दिल्यात त्या अगदी शेवटी घालण्यासाठी; हौसेने आधीच पेरून ठेवू नका.

रेसिपी बॉक्समध्ये चूक सावरायला वाव असतो. मीठ कमी वाटलं, घाला. कच्चं राहिलं, झाकण ठेवा. मात्र कार्डावरच्या ‘३० मिनिटं’ या आकड्यावर फार विसंबू नये. तो सराईत हाताचा आकडा असतो. सोलणं, चिरणं, मधे भांडी धुणं धरलं तर एक तास सहज जातो. रेस्तराँ किटमध्ये चूल कमी वेळ पेटते, पण प्रत्येक कोर्सला, म्हणजे वाढपाच्या प्रत्येक फेरीला, यजमानाला उठावं लागतं, आणि ओव्हन एकच असताना एका पदार्थाला १८० अंश आणि दुसऱ्याला २२० हवे असतात. दुपारीच कार्ड वाचून डब्या कोर्सनुसार वेगळ्या लावून ठेवल्या की संध्याकाळची निम्मी धावपळ वाचते. प्लेट्स गरम करून घ्या. थंड प्लेटवर कुठलाही सॉस थिजतो.

साठवणुकीचे नियमही निराळे. कच्च्या मालात मांसाचा चाकू आणि पाट वेगळा ठेवणं महत्त्वाचं. तयार पदार्थ पाच अंशांच्या खाली हवेत आणि बाहेर दोन तासांहून जास्त राहू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्हॅक्यूम पॅक म्हणजे टिकाऊ, हा गैरसमज काढून टाका. हवा नसलेली जागाच बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना मानवते, आणि त्यांचे काही प्रकार फ्रिजमधल्या थंडीतही वाढतात. म्हणूनच त्या पिशव्यांवरची अंतिम तारीख इतकी जवळची असते. व्हॅक्यूममधला गोठवलेला मासा वितळवण्याआधी पाकीट उघडायचं ते याच कारणाने. समारंभ दोन दिवस पुढे ढकलावा लागला तर हा किट थांबत नाही, तेव्हा डिलिव्हरी आदल्या दिवशीची घेतलेली बरी.

ऑर्डर देण्याआधी ओळखायचं कसं? फोटो बघू नका, ‘घरी काय लागेल’ ही यादी बघा. तेल, मीठ, चाकू, पाट लिहिलं असेल तर रेसिपी बॉक्स. फक्त ओव्हन, एक पातेलं आणि कात्री असेल तर रेस्तराँ किट. काही किट मिश्र असतात, मुख्य पदार्थ शिजलेला आणि भाज्या कच्च्या, म्हणून कृतीच्या पायऱ्याही एकदा चाळा.

माझं मत विचाराल, तर दोघांना एकत्र स्वयंपाक करण्यातच मजा येत असेल तर रेसिपी बॉक्स घ्या आणि प्लेट फोटोसारखी दिसण्याचा नाद सोडा. ज्या व्यक्तीचा वाढदिवस आहे तीच रोज स्वयंपाकघर सांभाळत असेल, तर यातलं कुठलंच खोकं तिच्या हाती सोपवू नये. रेस्तराँ किट आणावा आणि दुसऱ्याने तो उघडून शेवटपर्यंत निभवावा. पाहुणे सात-आठ असतील तेव्हा तर मी पूर्ण किट टाळेनच. आठवी प्लेट सजेपर्यंत पहिली गार होते. त्यापेक्षा किटमधून थंड स्टार्टर आणि डेझर्ट मागवावं, मुख्य पदार्थ मात्र मोठ्या भांड्यात टेबलावर मधोमध ठेवता येईल असा निवडावा.