डेंटिन कोणत्या थरातले? : पार्श्वभूमी

दात उगवून आणू पाहणाऱ्या औषधाची माणसांवरची चाचणी २०२४ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. तेव्हापासून ‘दात मुळात बनतो कशापासून’ हा प्रश्न दंतवैद्यकाच्या वर्गाबाहेरही विचारला जाऊ लागला आहे. उत्तर सहसा एका दमात दिले जाते : एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण कवच, गर्भाच्या बाह्यस्तरातून, बाकी सगळे, म्हणजे त्याखालचे डेंटिनही, मध्यस्तरातून. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग चूक आहे. ती चूक १८९३ मध्येच दाखवून झाली होती.

त्याआधीची दोन शतके रचना पाहण्यात गेली. डेंटिनमधल्या सूक्ष्म नलिका सतराव्या शतकातच भिंगाखाली दिसल्या होत्या. एनॅमलमधल्या वाढीच्या रेषा १८३० च्या दशकात नोंदल्या गेल्या आणि मुळाला आकार देणारे पेशींचे आवरण १८७० च्या दशकात. दात कसा दिसतो हे बरेचसे कळले होते, त्याच्या पेशी कुठून येतात हे मात्र नाही.

गर्भ तीन थरांचा असतो आणि प्रत्येक थराच्या वाट्याला ठरावीक ऊतीच येतात, हा विचार एकोणिसाव्या शतकात इतका पक्का झाला होता की हाड, कूर्चा आणि डेंटिन मध्यस्तराचे हे वेगळे सिद्ध करण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात मज्जानलिकेच्या (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून बनतात तिच्या) काठाला बाह्यस्तरातून निघालेल्या पेशींची एक पट्टी आढळली. आज तिला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. तिच्यातून मज्जातंतूंच्या गाठी तयार होतात, एवढेच त्या वेळी मान्य झाले.

मग १८९३ मध्ये एका अमेरिकन संशोधिकेने मडपपी या उभयचराच्या गर्भाचे काप तपासले. बलकाच्या कणांवरून वेगवेगळ्या थरांच्या पेशी तिला ओळखता येत होत्या. डोक्यातील काही कूर्चा आणि डेंटिन बनवणाऱ्या पेशी बाह्यस्तरातून येतात, असे तिने लिहिले. तिला जो विरोध झाला त्यात निरीक्षणापेक्षा सिद्धांताची बाजू घेणे जास्त होते. बाह्यस्तरातून कूर्चा येऊच शकत नाही, म्हणून तिने पाहिले ते चुकीचे, असा तो युक्तिवाद होता. तिला विद्यापीठात जागा मिळाली नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९३१ मध्ये, ती कॅलिफोर्नियातल्या एका किनारी गावाची महापौर झाली आणि तिथल्या समुद्रजीवांच्या रक्षणासाठी झटली. गर्भशास्त्राने तिला गमावले हे नुकसान मला आजही मोठे वाटते.

गुंता शब्दांमुळेही वाढला. तिने या पेशींना ‘मेसेक्टोडर्म’ म्हटले, पुढे ‘एक्टोमेसेनकाइम’ हा शब्द रुळला. मेसेनकाइम म्हणजे विरळ पसरलेल्या, हातपाय फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशींची मांडणी. मेसोडर्म म्हणजे गर्भाचा मधला थर. पहिला शब्द पेशींचे रूप सांगतो, दुसरा त्यांचे कूळ. दातांच्या बहुतांश ऊती मेसेनकाइममधून येतात हे खरे, पण ते मेसेनकाइम मध्यस्तराचे नाही. वाचताना एक शब्द दुसऱ्याच्या जागी सरकतो आणि चूक पुढच्या पिढीकडे जाते. मराठीत दोन्हींना ‘मध्य’ जोडून प्रतिशब्द केले तर वेगळेपणाची उरलीसुरली खूणही पुसली जाते. म्हणून इथे मेसेनकाइम तसेच ठेवले आहे.

१९२० आणि १९३० च्या दशकांत उभयचरांवरचे प्रयोग तिच्या बाजूने झुकू लागले. १९४७ मध्ये सॅलमँडरवरच्या कामात डेंटिन-पेशींचा उगम न्यूरल क्रेस्टमध्ये दाखवला गेला आणि त्याच लेखात थरांच्या सिद्धांताचीही फेरतपासणी झाली. मधे ५४ वर्षे गेली होती. सस्तन प्राण्यांसाठी आणखी थांबावे लागले. १९७० च्या दशकात लावा पक्षी आणि कोंबडी यांच्या गर्भांची जोडकलमे करून डोक्याच्या सांगाड्याचा माग लागला, पण पक्ष्यांना दातच नसतात. अखेर २००० मध्ये उंदराच्या न्यूरल क्रेस्ट पेशींवर जनुकीय खूण करून त्यांचा पाठलाग केला गेला. डेंटिन बनवणाऱ्या पेशी, पल्प (दाताचा मऊ गाभा), सिमेंटम (मुळावरचा थर) आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू या सगळ्यांत ती खूण सापडली.

एनॅमल वेगळ्या कुळाचे आणि बाकीचा दात वेगळ्या, तर दात घडवण्याचा हुकूम कोणाचा? दाढेचे मेसेनकाइम पटाशीच्या दाताच्या आवरणाला जोडले तर दाढ बनते, हे १९७० च्या सुमारास उंदरात दिसले. १९८० च्या दशकाअखेर कळले की त्याआधी, गर्भाच्या साधारण बाराव्या दिवसापर्यंत, सूत्रे बाह्यस्तराच्या आवरणाकडे असतात. दोन्ही निष्कर्ष बरोबर होते, प्रयोगांचे दिवस वेगळे होते.

माणसातला पुरावा आपल्या उपखंडातून आधीच नोंदला गेला होता. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतील १० पुरुषांना दोन्ही जबड्यांत मिळून ४ लहान पुढचे दात आणि ८ दाढा एवढेच होते. अंगावर केस विरळ, आणि उन्हाळ्यात घाम येत नसे. ही नोंद १८७५ ची. केस, घामाच्या ग्रंथी आणि दात यांना एकत्र गाठणाऱ्या अशा विकाराचे जनुक १९९६ मध्ये सापडले. बिघाड बाह्यस्तराच्या संदेशात असतो, पण दाताची सुरुवातच झाली नाही की डेंटिनही बनत नाही. उलट बाजूने, मेसेनकाइममध्ये काम करणाऱ्या जनुकांतील दोषांमुळेही दात उगवत नाहीत, हे १९९६ आणि २००० मध्ये स्पष्ट झाले.

जपानमधले औषध बाह्यस्तर आणि मेसेनकाइम यांच्यातल्या याच संवादावर बेतलेले आहे. दाताच्या वाढीच्या संदेशांना आवर घालणाऱ्या एका प्रथिनाला ते निष्प्रभ करते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, जन्मतः दात कमी असलेल्या उंदरांना त्याने दात आले आणि फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात जादा दात उगवला. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात किमान एक दाढ नसलेले ३० प्रौढ पुरुष घेतले होते. त्यांच्यात तपासायची होती ती औषधाची सुरक्षितता. दात येतो का, हे पुढच्या टप्प्यांत पाहायचे आहे.