फोनमधली वात

फोनमध्ये पाणी गेलं की आपण धावपळ करून तो तांदळाच्या डब्यात पुरतो. पण बऱ्याच महागड्या फोनमध्ये कारखान्यातूनच पाणी भरून येतं! अगदी किंचित, आणि तेही अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अशा तांब्याच्या बंद पाकिटात. आतली हवा काढून घेतलेली असल्याने ते ४०-५० अंशांनाच वाफ होऊन प्रोसेसरची उष्णता उचलतं. वाफ थंड कडेला गेली की तिचं पुन्हा पाणी होतं. ते माघारी आणायला पंप नाही. ते काम वातीचं: तांब्याची बारीक जाळी, किंवा भट्टीत तापवून कणाला कण चिकटवलेली तांब्याची भुकटी.

घाई किती असते बघा. फोन ५ वॅट उष्णता सोडत असेल, तर सेकंदाला साधारण २ मिलिग्रॅम पाणी उडतं. म्हणजे ५० मिलिग्रॅमचा अख्खा थेंब २५ सेकंदांत खलास. वात मागे पडली की चिपवरचा भाग कोरडा पडतो आणि तापमान झपकन चढतं.

छिद्रं बारीक असली की ओढ जास्त, हे केशाकर्षण आपण शाळेत शिकलोय. गोम पुढेच आहे. छिद्र निम्मं केलं तर ओढ दुप्पट होते खरी, पण वाटेतला अडथळा चौपट होतो. फोन टेबलावर आडवा असेल तर मोठी छिद्रं बरी; उभा धरला आणि चिप वर आली, की पाण्याला चढण लागते, तिथे बारीक छिद्रंच हवीत. वात जाड करावी, तर वाफेला जागा उरत नाही. म्हणून जाळीवर भुकटी बसवून जास्त ओढ आणि कमी अडथळा दोन्ही साधायची खटपट चालते.

वात पारखायची रीत मात्र साधी आहे. पट्टी उभी टांगायची, खालचं टोक द्रवात बुडवायचं आणि ओल किती वेळात किती चढते ते कॅमेऱ्याने टिपायचं, किंवा तराजूवर वजन बघायचं. घरी नाडी आणि पंच्याची पट्टी रंगीत पाण्यात सोडून हेच करता येईल. पंचा कोरा नको, खळीमुळे तो पाणी पीत नाही. तांब्याचंही तसंच. चिंचेने घासलेल्या तांब्यावर पाणी पसरतं, तेलकट तांब्यावर थेंब होऊन बसतं. आम्लाने धुतलेली पट्टीसुद्धा उघड्यावर ठेवली तर हवेतली सेंद्रिय वाफ धरून पाण्याला नाखूश होते. म्हणून पट्टी धुतल्यावर किती वेळाने टांगली, हेही वहीत लिहावं लागतं.